चाकांचा हुकूम कोठे अडतो?

एका लहानशा खासगी विमानाची चाके आकाशात असताना बाहेर येईनात, तेव्हा त्यातील वैमानिक आसनामागे हात घालून कसलेसे हँडल नेटाने फिरवीत असल्याचे चित्रण पाहून एका वाचकांनी विचारले आहे की, चाकांची विजेची मोटर जळाली म्हणजे अशा विमानाची गत काय? प्रश्न रास्त आहे. मात्र त्यात मोटरीवर जो आरोप गृहीत धरला आहे, तो तपासाअंती पुष्कळदा निराधार ठरतो.

मुळात चाके पोटात घेण्याचा खटाटोप कशासाठी, तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लोंबणारे पाय त्या विरोधात मोठी भर घालतात म्हणून. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ज्या विमानातून कराचीचे टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या ‘पस मॉथ’चे पाय स्थिर होते; पण त्या पायांवरची निमुळती आवरणे वैमानिकास आडवी फिरविता येत, आणि एरवी नकोसा असलेला वाऱ्याचा अडथळा उतरताना वेग मारण्याच्या कामी येई. (वैगुण्याला असे कामाला जुंपणाऱ्या कारागिरांविषयी मला फार आदर वाटतो.)

१९४७ पासून विकल्या जाऊ लागलेल्या अमेरिकेतील ‘बीचक्राफ्ट बोनान्झा’ या विमानात तेलाच्या दाबाचा संबंधच ठेवलेला नाही. एकच विजेची मोटर गिअरपेटी फिरविते, आणि तिच्यापासून निघालेले दांडे तिन्ही पाय एकदम हलवितात. परंतु वैमानिकाने कळ दाबली आणि मोटर फिरली, इतका हा मामला सरळ नाही. जुन्या मामलेदार कचेरीत हुकूम सुटला तरी शिरस्तेदार, कारकून, पट्टेवाला अशा हातांतून गेल्यावाचून तालुक्यात पान हलत नसे, आणि काम खोळंबलेच तर ते साहेबांच्या मेजावर नव्हे, कोण्या कारकुनाच्या दफ्तरात खोळंबलेले सापडे; तोच प्रकार येथे आहे. पायाचा दट्ट्या विमानाच्या भाराने दबलेला असेतोवर चाके उचलण्यास मनाई करणारा एक स्विच पायापाशी बसलेला असतो. चाके वरच्या वा खालच्या टोकास पोहोचताच मोटरीचा प्रवाह तोडणारे स्विच निराळे. आणि प्रवाह मर्यादेबाहेर गेला की मार्गच बंद करणारा सर्किट ब्रेकर आणखी निराळा. प्रवाह तुटल्यावरही मोटर आपल्या गतीने फिरत राहून गिअरपेटीला शेवटच्या अटकावावर आदळवील, म्हणून त्याच क्षणी एक रिले तिचे मंडल तिच्यावरच मिटवितो. फिरती मोटर जनित्र बनते आणि तिनेच उत्पन्न केलेला प्रवाह तिला थोपवितो. लेन्झने १८३४ साली सांगितलेला नियम चार आसनांच्या विमानात असा निमूटपणे राबताना पाहून कोणाही पदार्थविज्ञानप्रेमी माणसास आनंद व्हावा.

म्हणूनच जाणता मेकॅनिक मोटर सोडविण्याची घाई करीत नाही. तो विमान जॅकवर चढवितो, बॅटरी मध्येच मलूल होऊ नये म्हणून बाहेरून वीज जोडतो, आणि चाके पुन्हा पुन्हा आतबाहेर करवून पाहतो. चाके उचललीच जात नसतील, तर चिखलाने माखलेल्या पायाजवळच्या स्विचवर त्याचा पहिला संशय. ती टोकास जाता जाता ब्रेकर उडत असेल, तर टोकाच्या स्विचांची जुळणी बिघडलेली. आणि ती रखडत, कण्हत हलत असतील, तर तारांचे गंजलेले जोड. हा शेवटचा गुन्हेगार मोठा कावेबाज असतो. मोटर बंद असताना व्होल्टमीटर लावावा, तर तो पुरते १२ व्होल्ट दाखवितो. पण मोटर फिरू लागून ३० अँपिअर प्रवाह वाहिला, की जोडातला ओहमचा दहावा हिस्सा एवढा रोधही ३ व्होल्ट गिळतो आणि मोटरीच्या वाट्याला ९ उरतात. शाळेत घोकलेला ओहमचा नियम आठवून जो चालत्या मोटरीवर मोजमाप घेतो, त्याची नवी मोटर विकत घेण्याची खर्चीक नामुष्की टळते.

कित्येकदा तर बिघाड चाकांत नसून साक्षीत असतो. ‘पायपर अ‍ॅरो’ या विमानात मोटर तेलाचा पंप चालविते आणि पंप चाके हलवितो. त्यात रात्रीचे दिवे लावले की चाकांचे तिन्ही हिरवे दिवे आपोआप मंद होतात, आणि तो स्विच भर दुपारी चुकून चालू राहिला तर ते विझल्याचाच भास होतो. १९७२ च्या डिसेंबरात मायामीजवळ एका प्रचंड प्रवासी विमानाचे वैमानिक पुढच्या चाकाच्या न लागलेल्या दिव्यात इतके गुंतले, की विमान हळूहळू खाली चालले आहे हे त्यांच्या ध्यानी आले नाही. १०१ माणसे दगावली. चाक खाली आलेले होते, बल्ब तेवढे गेले होते.

वाचकांनी पाहिलेले हँडल हा बोनान्झातील अखेरचा उपाय. आधी चाकांचा सर्किट ब्रेकर ओढायचा, कारण मोटर अवचित जागी झाली तर हँडल मनगट मोडील. मग घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे ५० फेरे. तेही निष्फळ ठरले तर विमान पोटावर उतरते. पंखा वाकतो, पत्रा खरवडतो, आतली माणसे बहुधा चालत बाहेर येतात.

यावर कोणी म्हणेल, चाके आपोआप खाली येतील अशी योजना का करू नये? ती झालेली आहे. अ‍ॅरोमध्येच वेग आणि इंजिनाचा जोर कमी झाल्यावर चाके स्वतःहून सोडणारी युक्ती होती, आणि पुढे कंपनीनेच ती निकामी करण्याची शिफारस केली. यंत्राने मनुष्याच्या विसराळूपणाची काळजी घ्यावी या कल्पनेचा डंका मोठा. तिच्यापेक्षा अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाचे साधेसुधे काम मला अधिक मोलाचे वाटते, आणि वैमानिकीच्या लोकप्रिय इतिहासांत त्याचे नावही क्वचितच आढळते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिक बी-१७ बाँबफेकी विमान सुखरूप उतरवून, धावपट्टीवर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच उचलीत. दप्तरी नोंद होई, वैमानिकाची चूक. ओहायोतील राइट फील्ड येथे काम करणाऱ्या चॅपॅनिसने पाहिले की दोन्ही कळा शेजारीशेजारी आणि अगदी एकसारख्या आहेत, तर सी-४७ विमानात, जेथे त्या भिन्न आहेत, हा अपघात घडतच नाही. त्याने एका कळीवर रबरी चाक आणि दुसरीवर पाचरीचा तुकडा बसविला. चाकांच्या मुठीला चाकाचाच आकार असावा, हा आजच्या विमानांचा दंडक त्यातूनच आला.

आणि तरीही युद्धानंतर घडलेल्या बोनान्झात या दोन कळांच्या जागा रूढ शिरस्त्याच्या उलट, चाकांची उजवीकडे आणि झडपांची डावीकडे, अशा ठेवण्यात आल्या. पायाजवळचा स्विच येथे तारील हा भरवसाही फोल, कारण वेगाने धावणाऱ्या विमानाचा बराचसा भार अजून पंखच पेलीत असतात, दट्ट्या पुरता दबलेला नसतो, आणि स्विचच्या लेखी विमान आकाशातच असते. अशा अपघातांना रचनाच कारणीभूत आहे, असा ठपका अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८० साली ठेवला. त्याच दशकात कंपनीने जागा बदलल्या. त्यापूर्वीची कितीतरी विमाने मात्र अद्याप उडत आहेत, आणि ती शिकविणारे प्रशिक्षक नवख्यांना बजावतात की धावपट्टी सोडून विमान पूर्ण थांबेपर्यंत कोणत्याच कळीला हात लावायचा नाही.