मूळ प्रत कुठली? जुन्या सुपरहिरो कॉमिक्सच्या पुठ्ठा-बांधणीतल्या आवृत्त्यांविषयी

मागच्या व्याख्यानात आपण ‘तीच वस्तू’ म्हणजे काय, हा प्रश्न घेतला होता. जहाजाची एकेक फळी बदलत गेली तर शेवटी उरतं ते तेच जहाज का, वगैरे. आज हाच प्रश्न लोक स्वतःच्या खिशातले पैसे घालून कसा सोडवतात, ते बघू. उदाहरण आहे जुन्या अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सच्या पुनर्मुद्रणांचं. पुठ्ठा-बांधणीतली जाडजूड पुस्तकं आणि ती हौसेनं जमवणारे वाचक.

आधी थोडी पार्श्वभूमी. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. अंकावरची तारीख जून १९३८, किंमत १० सेंट. कागद वर्तमानपत्राचा, आम्लयुक्त. काही वर्षांत पिवळा पडून कडांनी तुटणारा. वाचून झालं की टाकून द्यायचं, अशीच सगळ्यांची समजूत होती. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यातही पुष्कळ अंक गेले. त्यामुळे आज सुस्थितीतली एखादी प्रत लाखो डॉलरना विकली जाते आणि पारदर्शक प्लास्टिकमध्ये सीलबंद होऊन राहते. म्हणजे गंमत बघा, ज्याच्याकडे ती आहे तोही ती उघडून वाचत नाही.

वाचायचं असेल तर पुनर्मुद्रणाकडे वळावं लागतं. मार्व्हलने १९८७ मध्ये ‘मार्व्हल मास्टरवर्क्स’ ही मालिका सुरू केली, डीसीने १९८९ मध्ये ‘आर्काइव्ह एडिशन्स’. एका पुस्तकात ओळीनं अनेक अंक, टिकाऊ कागद, पक्की बांधणी. पुढे ‘ऑम्निबस’ आले, त्यातले काही हजारभर पानांचे. आता असं पुस्तक हातात घेऊन एखादा म्हणतो, “माझ्याकडे स्पायडरमॅनचे पहिले दहा अंक आहेत.” आहेत का खरंच?

नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञाने ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या १९६८ च्या ग्रंथात एक उपयोगी भेद केला आहे. चित्राची कितीही हुबेहूब नक्कल केली तरी ती नक्कलच. कादंबरीचं तसं नाही. अक्षरन् अक्षर बरोबर असेल तर कुठलीही प्रत ही ती कादंबरीच असते. कॉमिक या दोघांच्या मध्ये अडकतं. त्यातले शब्द जसेच्या तसे उतरवता येतात, पण रेषा आणि रंग उतरवताना काहीतरी बदलतंच. म्हणून इथे ‘मूळ’ या पदासाठी तीन उमेदवार उभे राहतात.

पहिला उमेदवार, चित्रकाराने शाईने काढलेलं पान. स्पायडरमॅन प्रथम आला त्या १९६२ च्या अंकाची स्टीव्ह डिट्को यांनी काढलेली २४ पानं २००८ मध्ये कुणा अनामिक दात्याने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. ज्यांना हे ‘मूळ’ हवं आहे त्यांच्यासाठी आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने २०१० पासून ‘आर्टिस्ट्स एडिशन’ काढल्या. पान मूळ आकारात, पेन्सिलच्या खुणा आणि चूक झाकायला लावलेला पांढरा रंगसुद्धा दिसतो. पण हे पान छापखान्यासाठी होतं, वाचकाने ते पाहावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

दुसरा उमेदवार, छापलेला अंक. रंगांचे जाडे ठिपके, शाई शोषून घेणारा करडा कागद. रंग ठरवणारे लोक हा कागद गृहीत धरूनच ठरवत. तेच रंग गुळगुळीत पांढऱ्या कागदावर छापले की भडक होतात. पुठ्ठा-बांधणीतल्या आवृत्त्यांविषयी संग्राहकांची जुनी तक्रार आहे ती हीच. टाशेन या प्रकाशनाने २०२१ पासून मार्व्हलच्या जुन्या अंकांची पानं छायाचित्रित करून मोठ्या आकारात छापली, ती या दुसऱ्या उमेदवाराशी निष्ठा ठेवून.

तिसरा उमेदवार, निव्वळ गोष्ट, म्हणजे रेषा आणि संवाद यांचा क्रम. सुरुवातीच्या मालिकांचा भर यावर होता. रेषा मिळवायच्या आणि रंग नव्याने भरायचे. पण कित्येक अंकांच्या निगेटिव्ह उरल्याच नव्हत्या. तेव्हा ग्रेग थीकस्टन यांनी एक पद्धत वापरात आणली. जुन्या अंकाचं छापील पान रसायनाने धुवायचं, रंग निघून जातो, काळी रेषा राहते. म्हणजे हजारो प्रती काढण्यासाठी एक जुनी प्रत कायमची खर्ची घालायची! योग्य की अयोग्य? तुम्ही कुठल्या उमेदवाराला मत देता, त्यावर उत्तर ठरेल.

माझं म्हणणं असं की पुनर्मुद्रण ही प्रत नसून संपादित आवृत्ती आहे, आणि तिला तेच निकष लावावेत. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली, १९१९ ते १९६६. तिचा पाठ कुठल्याही एका पोथीत जसाच्या तसा नाही. पण कुठली पोथी काय म्हणते ते तळटीपांत दिलेलं आहे, म्हणून आपण विश्वास ठेवतो. कॉमिकच्या आवृत्तीनेही सांगावं की पानं कशावरून घेतली, रंग कुणी भरले, जाहिराती आणि वाचकांची पत्रं गाळली का.

आणि नावं. इथे प्रश्न न्यायाचा होतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. १९४७ मध्ये ते न्यायालयात गेले, त्यानंतर अंकांवरून त्यांची नावं गेली, ती परत द्यायचं ठरलं १९७५ मध्ये. बॅटमॅन घडवण्यात मोठा वाटा असलेल्या बिल फिंगर यांना अधिकृत श्रेय मिळायला २०१५ उजाडलं. मधल्या वर्षांचा अंक ‘जसाच्या तसा’ छापला, तर तो अन्यायही जसाच्या तसा छापला जातो. नाव पानावर घुसवलं, तर इतिहास बदलतो. मला विचाराल तर पानाला हात लावू नये आणि अनुक्रमणिकेत प्रत्येक गोष्टीपुढे तिच्या कर्त्यांची नावं ठळक द्यावीत.

तेव्हा घेताना बांधणी शिवलेली आहे का ते जरूर बघा. चिकटवलेल्या जाड पुस्तकात जोडपानावरचं चित्र मधल्या घडीत बुडतं. पण त्याआधी श्रेयनामावलीचं पान उघडा. ते रिकामं असेल, तर तुम्हाला कर्त्यांशिवायची गोष्ट विकली जाते आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.