पंपाचा संप

मुलांनो, ‘संप’ म्हटले की मराठी माणसाला ‘काम बंद’ आठवते. इथे ऑस्ट्रेलियात मात्र घराखाली पाणी साठवणाऱ्या खड्ड्याला संप म्हणतात आणि ते उपसणाऱ्या मोटारीला संप पंप. 2022 साली आमच्या पंपाने खरोखरच संप केला. त्या वर्षी सिडनीत 2,500 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. 1950 चा 2,194 मिलिमीटरचा विक्रम ऑक्टोबरातच मोडला.

सिडनीतली बरीच घरे उतारावर, रस्त्याच्या खालच्या अंगाला आहेत. जमिनीत मुरलेले पाणी वालुकाश्मावर अडते आणि खडकावरून सरकत घराखाली येते. ते आपणहून वर रस्त्याकडे चढणार नाही, म्हणून खड्ड्यात गोळा करून वर ढकलायचे. खड्ड्यात पंपाला बांधलेला एक फ्लोट तरंगतो. पाणी चढले की तो वर येतो आणि मोटार सुरू होते. आजीच्या टाकीतला फ्लोट पाणी भरणे थांबवतो, हा उपसणे सुरू करतो.

त्या रात्री खड्डा काठोकाठ भरला होता आणि पंप गप्प. झाकण उघडून बॅटरीचा उजेड टाकला, तर फ्लोट वायरीत अडकलेला. बंद मोटारीला काय घाबरायचे, म्हणून आम्ही झाडूच्या लाकडी दांड्याने तो ढोसला. मोटार घुर्रकन सुरू झाली! दांड्याच्या जागी हात असता आणि पाण्यात वीज उतरलेली असती तर? पुढे इलेक्ट्रिशियनने आणखी एक गोष्ट सांगितली. फार तापलेली मोटार स्वतःच बंद पडते आणि थंड झाली की न विचारता पुन्हा सुरू होते. गप्प पंप म्हणजे मेलेला पंप नव्हे.

म्हणून पालकहो, आधी कोरड्या जागी उभे राहून, कोरड्या हाताने प्लग काढायचा. फक्त बटण बंद करून भागत नाही. प्लगपर्यंत जायला पाण्यात पाय टाकावा लागत असेल तर जाऊच नये. पुराच्या किंवा वादळाच्या मदतीसाठी एसईएसचा क्रमांक 132 500, जिवावर बेतले तर 000.

प्लग काढल्यावर फ्लोट मोकळा करता येतो आणि त्यावरचा चिखल पुसता येतो. पंप उचलायचा तो दोरीने किंवा मुठीने, वायरीने कधीच नाही. मोटार गुणगुणते पण पाणी ओढत नाही, तेव्हा बहुधा खालच्या जाळीत पाने अडकलेली असतात, नाहीतर गावाकडे म्हणतात तशी मोटारीने हवा धरलेली असते. दर दोन मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर पाइपातला उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह तपासावा, कारण उपसलेले पाणीच परत येत असते. पाणी संपले तरी मोटार थांबत नसेल तर लगेच बंद करा. ती भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते, कोरडी चालली की जळते.

सेफ्टी स्विच पडला तर मात्र तो पुन्हापुन्हा वर करू नये. मोटारीत किंवा वायरीत पाणी शिरलेले असू शकते. इथे घरातले वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचे, असा कायदा आहे. उपसलेले पाणी सांडपाण्याच्या गटारात सोडणेही चालत नाही. ती वाहिनी पावसाच्या पाण्यासाठी नाही, भरली की कुणाच्या तरी न्हाणीघरात उलटते.

हातमोजे हवेतच. फनेल-वेब कोळ्याला दमट जागा आवडते, आणि पाण्यात बुडालेला दिसला तरी तो कित्येक तास जिवंत असतो. मुलांनी झाकणाला हात लावायचा नाही, तो याही कारणाने.

आता एप्रिल आणि ऑक्टोबरात घड्याळे बदलतात त्या रविवारी आम्ही पंपाची परीक्षा घेतो. बाबा बादलीने खड्ड्यात हळूहळू पाणी ओततात, पंप सुरू होऊन पाणी उतरते, मग तो थांबायला हवा. किती सेकंद लागले ते धाकटी दारात उभी राहून मराठीत मोजते. गेल्या खेपेस पंप नीट चालला, धाकटी मात्र एकोणतीसला अडली.