अरणगावचे बाबा आणि लंडनचे गाणे

उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या श्रीरामपुरात एखादा माणूस आयुष्यभर साठ-सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश बँडची गाणी ऐकत राहिला, तर ‘यात आपले काय आहे?’ हा प्रश्न त्याला हमखास ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण बीटल्स, रोलिंग स्टोन्स, द हू यांचे संगीत सर्वस्वी परके आणि नगरकडच्या माणसाचे त्यावरचे प्रेम म्हणजे उसनवारी, हे त्या प्रश्नामागचे गृहीतक मला चुकीचे वाटते. ते खोडून काढणारा पुरावा आपल्याच जिल्ह्यात, नगर-दौंड रस्त्यावरच्या अरणगावात आहे.

अरणगावजवळच्या मेहेराबादला मेहेरबाबांची समाधी आहे. बाबांचा जन्म १८९४ मध्ये पुण्यात, एका इराणी झरतुष्ट्री कुटुंबात झाला. श्रीरामपूरशेजारच्या राहाता तालुक्यात साकुरी आहे. तिथल्या उपासनी महाराजांच्या सहवासात त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत ते पाळले. ‘द हू’चा गिटारवादक आणि मुख्य गीतकार पीट टाउनशेंड १९६७ मध्ये त्यांच्या विचारांकडे वळला. दोघांची भेट कधीच झाली नाही. तरी बाबांच्या देहावसानानंतर चारच महिन्यांत आलेल्या ‘टॉमी’ या अल्बमच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव छापलेले आहे. पाहू, ऐकू, बोलू न शकणाऱ्या मुलाची ही कथा लिहिणाऱ्यासमोर चार दशकांहून अधिक काळ न बोललेला गुरू होता, हे ध्यानात घेऊन ‘टॉमी’ ऐकला की तो निराळाच उलगडतो. पुढे १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’ अल्बमची सुरुवातच ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याने झाली. नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. १९७२ मध्ये टाउनशेंड मेहेराबादला येऊन गेला. त्याच वर्षी त्याने ‘हू केम फर्स्ट’ हा स्वतंत्र अल्बम काढला आणि त्यात बाबांची ‘परवरदिगार’ ही प्रार्थना इंग्रजीत गायली. या अल्बमवर ‘स्मॉल फेसेस’ आणि ‘फेसेस’ या बँडमधला रॉनी लेनही आहे. तोही बाबांचाच अनुयायी. १२ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या समारोपात ‘द हू’ने जी गाणी वाजवली, त्यांत ‘बाबा ओ’रायली’ होते. जगभर पाहिल्या गेलेल्या त्या सोहळ्यात वाजलेल्या गाण्याच्या नावात अरणगावचे बाबा होते.

यावर कुणी म्हणेल, त्या काळात गोऱ्या कलाकारांना हिंदुस्थानी अध्यात्माची हौसच होती. फॅशन होती, हे खरे. १९६८ मध्ये बीटल्स हृषीकेशला गेले आणि रिंगो स्टार दहाएक दिवसांतच परतला. पण त्याच वर्षी जानेवारीत बीटल्सच्याच जॉर्ज हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ‘द इनर लाइट’ या गाण्याचे संगीत ध्वनिमुद्रित केले होते. हौस आणि निष्ठा यांतला फरक काळच दाखवतो, आणि टाउनशेंडची निष्ठा काही दशके टिकलेली आहे. तिची किंमतही त्याने मोजली. बाबांचा अमली पदार्थांना कडक विरोध होता. ज्या वर्तुळात नशेलाच साक्षात्कार मानत होते, त्या वर्तुळात राहून टाउनशेंडने एलएसडीसारख्या गोष्टी सोडल्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भक्ती आपल्याकडची असेल, पण सूर तर विलायतीच ना? हो, विलायतीच. ‘बाबा ओ’रायली’ रागदारीवर बेतलेले नाही, आणि तसे भासवण्याचा खटाटोप कुणी करू नये. सुरुवातीला जे भिरभिरते, पुन्हा पुन्हा येणारे स्वर ऐकू येतात ते ऑर्गनचे आहेत. पण ऑर्गन आपल्याला परका कधी होता? बालगंधर्वांच्या नाट्यपदांना साथ ऑर्गनची होती. कीर्तनात आणि भजनात वाजणारी पेटी एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातून आली, आणि आज तिच्याशिवाय गावातला सप्ताह पार पडत नाही. वाद्य कुठे घडले यावरून मराठी कानाने त्याला नाकारले नाही, मग गाणे कुठे घडले यावरून ऐकणाऱ्याला का नाकारावे?

उरतो एक आक्षेप, आणि तो खुद्द चाहत्यांचा आहे. गाणे चांगले असेल तर त्याला नगरचा शिक्का कशाला हवा? मुळीच नको. ‘द किंक्स’चा नगरशी काहीही संबंध नाही, तरी त्यांची गाणी जीव लावण्याजोगी आहेत. मात्र ज्या गाण्यावर प्रेम आहे त्याची वाट आपल्या शिवारातून गेली असेल, तर ती माहीत असलेली बरी. ती माहिती प्रश्न विचारणाऱ्यालाही हवी आणि ज्याला तो विचारला जातो त्यालाही. दरवर्षी ३१ जानेवारीला अमरतिथीसाठी, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीसाठी, देशोदेशींचे लोक मेहेराबादला जमतात. श्रीरामपूरकरांनी एकदा तिथे जाऊन यावे, आणि निघण्यापूर्वी टाउनशेंडचे ‘परवरदिगार’ शांतपणे, शेवटपर्यंत ऐकावे.