दिओग्नेतास लिहिलेलें पत्र आणि त्याची जळालेली पोथी

ज्या ग्रंथाची एकच पोथी उपलब्ध होती आणि तीहि पुढें नष्ट झाली, त्या ग्रंथाचा विश्वास कितपत धरावा, हा प्रश्न आपल्याकडील संशोधकांस नवा नाहीं. ग्रीक भाषेंतील ‘दिओग्नेतास पत्र’ या प्राचीन ख्रिस्ती लेखाच्या निमित्तानें तो युरोपांतील पंडितांपुढेंहि आला. त्याची हकीकत पोथीसंग्राहकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

इ. स. १४३६ च्या सुमारास तोमासो द आरेत्सो नांवाचा एक तरुण लॅटिन धर्मोपाध्याय ग्रीक शिकण्यासाठीं कॉन्स्टँटिनोपल येथें राहिला होता. तेथें एका मासे विकणाऱ्याच्या दुकानांत, माल बांधून देण्यासाठीं ठेवलेल्या रद्दीच्या ढिगांत त्यास ही पोथी दिसली. (दप्तरांचे कागद वाण्याच्या पुड्यांस लागलेले ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.) ती रागुसाच्या योहानामार्फत बाझेल येथें आली. पुढें ती रॉयख्लिन या प्रसिद्ध पंडिताच्या संग्रहांत, नंतर आल्सासांतील माउर्समुन्स्टरच्या मठांत व १७९३ ते १७९५ च्या दरम्यान स्ट्रासबुर्गच्या पुस्तकालयांत गेली. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धांत त्या शहरावर तोफांचा मारा झाला, आणि २४ ऑगस्टच्या रात्रीं तें पुस्तकालय जळालें. पोथीहि त्यांतच गेली.

सुदैवानें तिच्या नकला आधींच झाल्या होत्या. हाउस यानें १५८० च्या सुमारास केलेली नक्कल ट्युबिंगेन येथें, व आंरी एस्तिएन यानें १५८६ त केलेली लायडेन येथें आहे. एस्तिएन यानेंच १५९२ त हें पत्र प्रथम छापलें. शिवाय १८४२ त कुनित्स व १८६१ त रॉइस यांनीं ओटो या संपादकासाठीं मूळ पोथी अक्षरशः ताडून पाहिली होती. आज जो पाठ आपल्या हातीं आहे, तो या मंडळींच्या मेहनतीवर उभा आहे.

आतां यास पत्र म्हणावें काय? ग्रीक पत्रांत आरंभीं पाठविणाराचें नांव, मग घेणाराचें नांव व नमस्कार असा मायना असतो. येथें पाठविणाराचें नांव नाहीं, नमस्कार नाहीं, मिती नाहीं. ‘महामान्य दिओग्नेत’ एवढें संबोधन मात्र आहे. लूकानें आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीं थिओफिलास असेंच संबोधिलें आहे. पोथींत हें पत्र युस्तिनाच्या नांवावर घातलें होतें. परंतु युस्तिनाच्या भाषेशीं याची भाषा जुळत नाहीं, ही गोष्ट तिलमों यानें सतराव्या शतकांतच दाखविली. सम्राट मार्कस ऑरेलियस याच्या एका शिक्षकाचें नांव दिओग्नेत होतें, म्हणून तोच हा, असें कित्येक म्हणतात. केवळ नामसादृश्यावर एवढी इमारत उभारणें आम्हांस मान्य नाहीं.

काळाचा खरा पुरावा मजकुरांत आहे. लेखक म्हणतो कीं, ख्रिस्ती लोक देशानें, भाषेनें किंवा चालीरीतींनीं इतरांहून निराळे नाहींत. ज्या नगरांत जन्मले तेथेंच ते तेथील अन्नवस्त्र घेऊन राहतात, तरी स्वदेशांतहि परक्यासारखे असतात. ते लग्नें करितात, मुलें वाढवितात, पण अर्भकें टाकून देत नाहींत. नकोसें अर्भक टाकून देण्याची चाल ग्रीक-रोमन समाजांत रूढ होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या साध्या वाक्याचा रोख कळतो. यहूदी त्यांस परके समजून झगडतात, ग्रीक त्यांचा छळ करितात, त्यांस श्वापदांपुढें टाकलें जातें, असेंहि तो सांगतो. ही स्थिति ३१३ च्या पूर्वीची आहे. तिच्यावरून बहुतेक पंडित दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध किंवा तिसऱ्याचा आरंभ धरतात, तें सयुक्तिक दिसतें. उलटपक्षीं, कोणत्याहि प्राचीन ग्रंथकारानें या पत्राचा उल्लेख केलेला नाहीं. त्यामुळें एकोणिसाव्या शतकांत, हें एस्तिएन यानेंच रचलें असावें, अशीहि शंका निघाली.

तिचें उत्तर एका अनामिक लेखनिकानें देऊन ठेविलें आहे. सातव्या प्रकरणांत मजकूर मध्येंच तुटतो. तेथें समासांत त्यानें नोंद केली कीं, आपल्यापुढील प्रतींत येथें खंड आढळला व ती प्रत फार जुनी आहे. दहाव्याच्या शेवटींहि तशीच नोंद आहे. जळालेली पोथी तेराव्या-चौदाव्या शतकांतील असल्याचें ती पाहिलेल्या पंडितांनीं ठरविलें होतें. तेव्हां तेराव्या-चौदाव्या शतकांतील माणसास जी प्रत फार जुनी वाटली, ती एस्तिएनच्या पूर्वी कित्येक शतकांची असली पाहिजे. आपला लेखनिक खंड पडला तेथें पदरचीं चार वाक्यें घालून जोड बेमालूम करिता, तर हा पुरावा राहिला नसता.

दुसऱ्या खंडानंतर येणारीं अकरावें व बारावें हीं प्रकरणें निराळ्याच शैलींत आहेत. त्यांतील वक्ता स्वतःस प्रेषितांचा शिष्य म्हणवितो, व पूर्वभागांतील बाहेरच्या जिज्ञासूस सोडून श्रद्धावंतांस उपदेश करितो. तीं दुसऱ्याच एखाद्या लेखाचीं पानें असावींत असें आमचें मत आहे. यास्तव पत्राचा काळ ठरवितांना ‘प्रेषितांचा शिष्य’ हे शब्द जमेस धरूं नयेत.