डोंगरउतारावरील कृत्रिम हिरवळ : मांडणी व सावधगिरी

वारणेच्या खोऱ्यातील शेतकऱ्यास काळी सपाट जमीन व तिच्यावरील ऊस यांचा हिशेब तोंडपाठ असतो. परंतु पन्हाळा व जोतिबा यांच्या अंगास ज्यांची वरकस, उताराची जमीन आहे, त्यांच्यापुढे अलीकडे एक निराळाच प्रश्न येऊ लागला आहे. उतारावर घर बांधले, पाहुण्यांस उतरण्यासाठी दोन खोल्या काढल्या, आता पुढील अंगण बारमाही हिरवे दिसावे म्हणून प्लास्टिकची कृत्रिम हिरवळ अंथरावी काय, व अंथरावयाची तर कशी, हा तो प्रश्न होय. भाड्याच्या क्रिकेट मैदानांमुळे 'टर्फ' हा शब्द आता खेडोपाडी ठाऊक झाला आहे. तथापि सपाटीवरील मैदानाची रीत उतारास जशीच्या तशी लागू पडत नाही. म्हणून या विषयाचा येथे थोडक्यात विचार करू.

या वस्तूचा प्रसार अमेरिकेतून झाला. ह्यूस्टन शहरी ॲस्ट्रोडोम नावाचे छपराचे प्रचंड क्रीडागृह आहे. छताखाली खरे गवत जगेना, म्हणून १९६६ साली तेथे कृत्रिम गवत बसविण्यात आले, व त्यावरूनच त्यास 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव पडले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकीही अशाच मैदानावर खेळली गेली. सारांश, या हिरवळीची प्रसिद्धी छपराखाली व सपाट जागी झाली. उघड्या डोंगरावर, आषाढाच्या झडीत तिची परीक्षा निराळी असते, हे वाचकांनी प्रथम ध्यानी घ्यावे.

जिवंत गवत दोन कामे करते. पात्यांनी ते पावसाच्या थेंबाचा मार झेलते, आणि मुळांनी माती धरून पाणी हळूहळू जमिनीत मुरविते. कृत्रिम हिरवळ यांपैकी पहिलेच काम करते. तिला मूळ नाही. तिच्या पाठीस भोके असतात, त्यांतून पाणी खाली उतरते. पण उतरलेल्या पाण्याचे पुढे काय होते, यावरच सर्व काही अवलंबून आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेवढ्या जागेवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २,५०० लिटर पाणी होते. चार इंचांच्या दिवशी १०,००० लिटरांहून अधिक. या पाण्यास वाट दिली नाही, तर ते चटईखालून माती घेऊन निघते. वरून अंगण हिरवे दिसत असते आणि आत घळ पडत असते.

म्हणून आरंभी उतार मोजावा. गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो, ती पुरे. आडव्या दहा फुटांत जमीन किती फूट खाली जाते ते पाहावे. एक फुटापर्यंत काम सोपे आहे. दोन-तीन फुटांपर्यंत पुढे सांगितलेली सर्व काळजी घ्यावी. त्याहून अधिक उतार असल्यास मजगीप्रमाणे पायऱ्या पाडून, दगडी ताल घालून, केवळ पायरीच्या सपाटीवर हिरवळ अंथरावी. दहास पाच फूट वा अधिक उतार असेल तेथे हा नाद सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मांडणीची रीत अशी. पहिले काम माथ्यावरचे. अंगणाच्या वरच्या बाजूस आडवा चर खणून डोंगराचे पाणी बाजूच्या नैसर्गिक ओढ्याकडे वळवावे, व चराच्या तोंडाशी दगड रचावे. दुसरे, वरची भुसभुशीत माती काढून घट्ट जमीन उघडी करावी. नव्या भरावावर हिरवळ कदापि घालू नये. पहिल्याच पावसाळ्यात भराव बसतो व चटईस सुरकुत्या पडतात. तिसरे, तीन-चार इंच खडीचा थर देऊन तो धुमसाने ठोकावा. नुसती वाळू उतारावर टिकत नाही. खडीखाली पाणी जाऊ देणारे कापड अंथरावे, म्हणजे खडी मातीत रुतत नाही. चौथे, पायथ्याशी भोकांची नळी खडीत पुरून तिचे तोंड बाहेर काढावे.

यानंतर चटई. तिचे पट्टे वरून खाली लांबट घालावे, म्हणजे सांधे पाण्याच्या वाटेस आडवे येत नाहीत. वरचे टोक फूटभर खोल चरात दुमडून दगडमातीने दाबावे. सर्व भार या टोकावर असतो. कडेने वीतभर अंतरावर लांब लोखंडी खिळे ठोकावे, मधल्या भागात थोडे विरळ चालतील. सपाटीवर पात्यांत वाळू भरतात, ती उतारावर पावसागणिक खाली सरकते. म्हणून येथे भिस्त खिळ्यांवर ठेवावी.

इतके करूनही दोन दोष उरतातच. उन्हाळ्यात प्लास्टिक खऱ्या गवतापेक्षा फार तापते. भर दुपारी त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. शिवाय उन्हाने पाती झिजून त्यांचे कण पाण्याबरोबर ओढ्यात जातात, आणि काही वर्षांनी सर्व चटई काढून टाकावी लागते. ती कुजत नाही, गुरांस खाता येत नाही व शेतात गाडताही येत नाही.

यास्तव आमची शिफारस अशी की, बैठकीपुरती लहान जागा हवी असल्यास तेवढीच कृत्रिम हिरवळ घालावी, आणि उरलेला उतार जिवंत गवताच्या स्वाधीन करावा. अंगणास हरळी उत्तम. ती तुडविली तरी पुन्हा फुटते. उताराच्या कडेस वाळ्याची रांग लावावी. मृग लागताच वाळ्याची ठोंबे समपातळीत चार-सहा इंचांवर लावली, तर पुढे त्यांची दाट भिंत होते व मुळे सरळ खाली दोन-तीन मीटरपर्यंत जातात. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेने जमिनीची धूप थांबविण्यासाठी याच गवताचा पुरस्कार केला. ज्याची बी-रोपे आपल्या ओढ्याकाठी मिळतात, त्याची ही योग्यता आहे.

जमिनीचा शेतीखेरीज अन्य उपयोग करावयाचा असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यातील तरतुदी काय आहेत, याची तहसील कचेरीत आधी चौकशी करावी. काम झाल्यावर दंडाची नोटीस येण्यापेक्षा ते बरे.

शेवटी एक गोष्ट. महसूल खात्यात असता अतिवृष्टीच्या नुकसानीचे पंचनामे आम्ही पुष्कळ लिहिले. त्यांत खालच्या शेताचा गटनंबर असतो, वाहून आलेल्या दगडगोट्यांचे वर्णन असते. परंतु ज्या जमिनीतून ते पाणी सुटले तिचे नाव सहसा कोठे येत नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचून वाहतूक बंद पडली होती, हे वाचक विसरले नसतील. आपल्या अंगणातील पाणी कोणाच्या बांधावर जाते, हे चटईची किंमत विचारण्यापूर्वी एकदा पावसात उभे राहून प्रत्येकाने पाहावे.