थंड पिस्टन सैल का हवा?

मोटारीचे इंजिन नव्याने बांधताना पिस्टन कोणता निवडावा, असे विचारले तर बहुतेक जण ‘सर्वांत मजबूत असेल तो’ असे सांगतील. पण येथे शाळेतला प्रसरणाचा धडा आडवा येतो.

मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टन सेकंदाला २०० वेळा थांबून उलट फिरतो. त्यामुळे तो हलका हवा. पूर्वी पिस्टन बिडाचे असत. १९१३ साली डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी फ्रान्समधील एका मोटार कारखान्यात पिस्टनच्या आकाराचे ॲल्युमिनियमचे पेपरवेट पाहिले आणि तसे खरेच पिस्टन करून घेतले.

पिस्टन बदलला, तरी सिलिंडरची आतली भिंत आजही पुष्कळ इंजिनांत बिडाचीच असते. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की ॲल्युमिनियम दर मीटरला सुमारे २३ मायक्रोमीटर वाढते, बीड सुमारे ११. समजा, व्यास ८० मिमी आहे आणि दोन्ही १०० अंशांनी तापले. पिस्टन ०.१८४ मिमी वाढेल, सिलिंडर ०.०८८ मिमी. फरक जवळजवळ ०.१ मिमी! (हा हिशेब नववीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावा.) एवढी फट थंड असतानाच सोडली नाही, तर तेलाचा थर नाहीसा होऊन पिस्टन भिंतीला धरतो, इंजिन ‘सीझ’ होते. फट फार ठेवली, तर थंड इंजिनात पिस्टन टकटक वाजतो आणि तेल वर जाऊन जळते.

यातून वाट काढली सिलिकॉनने. ॲल्युमिनियममध्ये १२ टक्के सिलिकॉन मिसळले की २३ चा आकडा २० च्या आसपास येतो; १८ टक्के मिसळले तर सुमारे १८. आपल्या उदाहरणातला फरक ०.०५६ मिमीवर उतरतो. पण १२ टक्क्यांच्या पुढचे सिलिकॉन कठीण स्फटिकांच्या रूपात वेगळे होते. पिस्टन झिजत कमी असला तरी ठिसूळ होतो, आणि इंधनाच्या अवेळी स्फोटाचे, म्हणजे नॉकिंगचे, धक्के त्याला सोसत नाहीत. शर्यतीच्या गाडीत म्हणून अत्यल्प सिलिकॉनचा, ठोकून घडवलेला पिस्टन घालतात. तो चिवट असतो, मात्र जास्त फुगतो. त्याला सैल बसवावे लागते. असे इंजिन वरचेवर उघडले जाते, त्यामुळे ते चालते. रोज सकाळी थंड इंजिन सुरू करून कचेरीत जाणाऱ्याने तो घेणे आम्हांला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

शिवाय पिस्टन गोल नसतो! गजनपिनच्या दिशेने धातू जास्त, म्हणून तेथे प्रसरणही जास्त; त्या दिशेचा व्यास मुद्दाम किंचित कमी ठेवतात. ज्वाळेला लागून असलेला माथाही खालच्या भागापेक्षा लहान असतो. म्हणून माप घ्यायचे ते पिनशी काटकोनात, खालच्या भागावर, आणि उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवरच. चांगला कारागीर ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घेतो, त्याचे माप घेतो, सांगितलेली फट त्यात मिळवतो आणि मगच सिलिंडर बोअरिंगला लावतो.