चार हजार बाइटांच्या पडद्यावर देवनागरी

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. मंडळाच्या नावातला 'महाराष्ट्र' हा शब्द कागदावर चार अक्षरांत मावतो. संगणकाला मात्र तो दहा खुणांनी सांगावा लागतो: म, ह, काना, र, काना, ष, पाय मोडल्याची खूण, ट, पुन्हा पाय मोडल्याची खूण आणि र. स्मृतीत दहा खुणा, डोळ्यांना चार अक्षरं. १९८०च्या दशकातल्या पीसीला हा हिशेब जमत नव्हता. तो जमवून दाखवला संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डाने.

आयबीएमचा पीसी १९८१ साली आला. त्याचा ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी, म्हणजे २,००० घरं. प्रत्येक घराला दोन बाइट: एकात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात त्याचा रंग किंवा ठळकपणा. अख्खा पडदा ४,००० बाइटांत आटोपे. अक्षरांचे आकार रॉममध्ये आधीच कोरलेले असत आणि क्रमांक एकाच बाइटाचा असल्याने ते फार तर २५६. सीजीए कार्डावर एका घरात जेमतेम आठ गुणिले आठ ठिपके. रोमन लिपीला एवढं पुरे. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा आणि रफार, खाली उकार, मध्ये अक्षर, शिवाय शेकडो जोडाक्षरं. ती त्या चौकोनात कोंबायची कुठे?

मग पडद्यावर ठिपका ठिपका रंगवायचा. हर्क्युलिस कार्ड ७२० गुणिले ३४८ ठिपके दाखवे. एका ठिपक्याला एक बिट धरला तरी ३१,३२० बाइट झाले, म्हणजे जवळपास आठपट. पडदा एक ओळ वर सरकवायचा तर एवढा सगळा पसारा हलवायला हवा. खिडक्यांचा खर्च तर लगेच डोळ्यांत भरे. कामाच्या मजकुरावर ४० स्तंभ आणि १० ओळींची छोटी चौकट उघडली, की तिच्याखाली झाकलेला भाग कुठेतरी जपून ठेवावा लागतो, नाहीतर चौकट मिटल्यावर तिथे रिकामी जागा उरते. अक्षरांच्या पडद्यावर त्याला ८०० बाइट लागत, ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे ६,३००.

जपून ठेवायचं की पुन्हा काढायचं, हाच त्या काळातल्या सगळ्या यंत्रांपुढचा प्रश्न होता. १९८४च्या मॅकिन्टॉशकडे एकूण १२८ किलोबाइट स्मृती. त्यातली २१,८८८ बाइट एकट्या पडद्यालाच जात. त्यामुळे झाकलेला भाग तो साठवत नसे. खिडकी बाजूला झाली, की उघड्या पडलेल्या भागाचं चित्र नव्याने काढायला तो प्रोग्रामला सांगे. १९८५च्या अमिगाने दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या: प्रत्येक खिडकीसाठी प्रोग्रामने ठरवावं, झाकलेलं चित्र स्मृतीत जपायचं की गरज पडल्यावर पुन्हा रंगवायचं. पहिल्यात स्मृती खर्ची पडे, दुसऱ्यात वेळ.

देवनागरीला या पेचातून बाहेर काढणाऱ्या जिस्टचं काम सुरू झालं आयआयटी कानपूरमध्ये. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि हे तंत्रज्ञान तिथे आलं; मोहन तांबे यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं आहे. सी-डॅकचे पहिले प्रमुख विजय भटकर अकोला जिल्ह्यातले. त्यांचा जन्म १९४६चा, तेव्हा अकोला आणि रायपूर एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. मराठी आणि हिंदी शेजारी नांदलेल्या या मुलखात एकाच लिपीच्या यंत्राची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

जिस्टच्या रचनेतली खरी कमाल म्हणजे कामाची वाटणी. प्रोग्रामकडे राहिल्या फक्त खुणा, प्रत्येकी एक बाइट. इंग्रजी अक्षरांचे पहिले १२८ क्रमांक तसेच राहिले, भारतीय लिप्यांना वरचे १२८ मिळाले. खुणांवरून जोडाक्षर जुळवायचं, मात्रा जागेवर बसवायची आणि आकार पडद्यावर उमटवायचा, हे काम संगणकात बसवलेल्या कार्डाचं. म्हणून डीबेस, लोटस, वर्डस्टार यांसारखे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्राम न बदलता मराठी आणि हिंदी लिहू लागले. खुणांचा क्रम भारतीय लिप्यांना सामाईक असल्याने तोच मजकूर बंगाली किंवा गुजराती लिपीतही दाखवता येई.

हीच सांकेतिक पद्धत म्हणजे इस्की. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला आयएस १३१९४ हा क्रमांक दिला. पुढे प्रोसेसर वेगवान झाले, स्मृती स्वस्त झाली, विंडोजमध्ये अक्षरजुळणी सॉफ्टवेअरनेच होऊ लागली आणि वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही. पण युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतली. आज फोनवर 'महाराष्ट्र' टंकला, तरी आत त्याच दहा खुणा त्याच क्रमाने साठतात आणि जोडाक्षर दाखवण्याच्या वेळीच जुळतं.